खिडकीतली किडमिडीत रोपं

बी रुजवणं फारसं अवघड नाही. ओलावा आणि ऊब मिळाली की टोमॅटो पाच-सहा दिवसांत, वांगं आठ-दहा दिवसांत आणि मिरची आठ ते पंधरा दिवसांत मातीबाहेर डोकं काढते. खरा कस लागतो तो पुढच्या तीन आठवड्यांत. फ्लॅटच्या खिडकीत कागदी कपांमध्ये लावलेली रोपं नेमकी याच काळात बारीक आणि लांब होतात, काचेकडे झुकतात, फिकी पडतात आणि एके दिवशी बुंध्याशी मोडून आडवी झालेली दिसतात. मग घाबरून आधी पाणी घातलं जातं, त्यानंतर खत आणि शेवटी रोप उचलून थेट उन्हात ठेवलं जातं. अजून वाचू शकलं असतं असं रोपही या घाईत जातं.

आजारी रोपाकडे बघण्याचा क्रम उलटा हवा. आधी उजेड तपासायचा, मग मुळांपाशी हवा आहे का ते बघायचं, मग पाण्याचा विचार करायचा. खताची पाळी सगळ्यात शेवटी. घरातल्या रोपांची बहुतेक दुखणी पहिल्या दोन गोष्टींतच सापडतात. या लेखातली उदाहरणं मिरची, टोमॅटो आणि वांग्याची आहेत, कारण शहरातल्या घरांत बहुतेक जण सुरुवात यांच्यापासूनच करतात. ढोबळी मिरची, तुळस, झेंडू यांनाही हेच लागू पडतं.

उजेडाच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. उजेड कमी झाला की आपली बाहुली मोठी होते आणि खोली आपल्याला छान उजळलेली वाटते. रोपाकडे अशी सोय नसते. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशी तो १०-२० हजारांवर येतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीच्या आत, काचेलगत, २ ते ५ हजार मिळतात. त्याच खिडकीपासून तीन-चार फूट आत, टीपॉयवर, हजारही मिळत नाहीत आणि रात्री ट्यूबलाइटखाली जेवताना आपण २००-३०० लक्समध्ये बसलेलो असतो. रोप धडधाकट वाढायला मात्र रोज १४-१५ तास सुमारे १० हजार लक्स तरी हवेत. फोनवर लक्स मोजणारी ॲप मिळतात. ती काटेकोर नसतात, पण खिडकीतला कप आणि टीपॉयवरचा कप यांतला फरक कळायला तेवढी पुरतात.

ॲप नको असेल तर याहून साधी परीक्षा आहे. जिथे कप ठेवणार आहात तिथे, कपाच्या उंचीवर, डोळे न्या आणि बाहेर बघा. आकाश किती दिसतं? समोरच्या इमारतीची भिंतच दिसत असेल आणि आकाशाची पट्टी बघायला मान वाकडी करावी लागत असेल, तर त्या जागी रोप लांबणारच. दुसरी परीक्षा सावलीची. कपाच्या वीतभर वर हात धरा. सावली ठसठशीत, बोटं वेगळी दिसतील अशी पडली तर उजेड चांगला आहे. नुसता अंधुक डाग पडला तर अपुरा आहे. डासांची जाळी, रंगीत काच, काचेवरची धूळ या सगळ्या गोष्टी उजेड खातात. दिवसभरापुरती जाळी सरकवून ठेवली तरी फरक पडतो.

खिडकीची दिशा वर्षभर सारखी फळ देत नाही, आणि आपल्याकडे तर नाहीच. मुंबईत मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. हेच ते शून्य सावलीचे दिवस. मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत आतवर ऊन येतं. म्हणून जानेवारीत जिथे मिरची सुरेख वाढली, त्याच कट्ट्यावर जूनमध्ये लावलेली मिरची किडमिडीत निघते. बियाणं तेच, माती तीच, हातही तेच, आणि दोष बियाण्याला दिला जातो. वर्षभराचा हिशेब केला तर रोपांसाठी सगळ्यात भरवशाची खिडकी पूर्वेची. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन मिळतं आणि पुढे दिवसभर उजेड राहतो. पश्चिमेची खिडकी मार्च ते मे फार तापते. काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमधली माती त्या उन्हात इतकी गरम होते की कोवळी मुळं करपतात. तिथे कप ग्रिलच्या पुढच्या कडेपासून आत घ्या किंवा ट्रेच्या बाहेरून पांढरा कागद गुंडाळा.

रोप काचेकडे झुकलं की कप रोज फिरवायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने रोप सरळ होतं हे खरं, पण उजेड तेवढाच राहतो, म्हणजे लांबणं थांबत नाही. फिरवण्याबरोबर कपांच्या मागे, खोलीच्या बाजूला, पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा. काचेतून आलेला उजेड त्यावरून परत फिरून रोपाच्या पाठीवर पडतो. फुकटात होणारा हा उपाय आहे आणि रोपांच्या पहिल्या आठवड्यात त्याचा चांगलाच उपयोग होतो.

पावसाळ्यात, किंवा ज्यांच्या खिडकीला आकाशच नाही त्यांना, दिव्याशिवाय गत्यंतर नाही. त्यासाठी महागडे जांभळे दिवे आणायची गरज नाही. घरात लावतो तीच चार फुटी, २० वॅटची, पांढऱ्या उजेडाची एलईडी बॅटन चालते. वेष्टनावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं ती घ्या. दोन बॅटन शेजारीशेजारी बसवा आणि त्या रोपांच्या शेंड्यांपासून १५ सेंटिमीटरवर येतील अशी सोय करा. एवढ्या अंतरावर खाली १० हजार लक्सच्या आसपास उजेड पडतो. अंतर दुप्पट केलंत तर उजेड निम्म्यावर येतो, आणि लोक चुकतात ते इथेच: बॅटन छताजवळ बसवतात आणि दिव्याचा उपयोग झाला नाही म्हणतात. पुस्तकांच्या मांडणीचा एक खण, वर दोरीने टांगलेल्या बॅटन आणि खाली ट्रे एवढं पुरे. रोपं वाढतील तशी दोरी आखडायची. रोज १५ तास लावल्या तर दोन बॅटनना महिन्याला १८ युनिट वीज लागते. दिवा रात्रभर मात्र ठेवू नका. टोमॅटोला अंधार हवाच. सलग २४ तास उजेड दिला तर त्याची पानं पिवळी पडून डागाळतात. टायमरचा सॉकेट बसवला की रोजची आठवण ठेवायला लागत नाही.

एकदा लांबलेली दांडी आखूड होत नाही, पण उजेड सुधारला की पुढची वाढ दाट आणि गडद येते. तोवर दांडीला थोडा व्यायाम द्यायचा. दिवसातून दोनदा, शेंड्यांवरून तळहात अगदी हलका, दहा-बारा वेळा फिरवा, किंवा टेबलफॅन लांब ठेवून सगळ्यात कमी वेगावर दोन तास लावा. पानं नुसती हलली पाहिजेत, वाकायला नकोत. स्पर्शाने आणि वाऱ्याने रोपाची उंची कमी राहते आणि दांडी जाड होते. मार्क जॅफी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या परिणामाची रीतसर नोंद केली. वाऱ्यावर वाढणाऱ्या शेतातल्या रोपाला हे आपसूक मिळतं, खिडकीतल्या रोपाला ते आपण द्यायचं.

आता मातीकडे येऊ. इथे मी जरा आग्रहाने लिहिणार आहे, कारण सोसायटीच्या बागेतून किंवा गावाहून आणलेली माती जशीच्या तशी कपात भरणं हे रोपं दगावण्याचं फार मोठं कारण आहे. देशावरची काळी माती शेतात सोनं पिकवते. तिथे ती कित्येक फूट खोल असते, तिच्यात गांडुळं फिरतात, उन्हात भेगा पडून हवा आत जाते. तीच माती दोन-अडीच इंचांच्या कपात भरली की पाण्याने फुगून बसते आणि सुकली की कडांपासून सुटून विटेसारखी होते. दोन्ही अवस्थांत मुळाला श्वास घेता येत नाही. कोकणातली लाल माती तुलनेने मोकळी असते, पण एकटी वापरली तर तीही पाणी घालून घालून घट्ट बसते.

मुळाला पाणी लागतं तेवढाच प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणून ओल्याचिंब मातीत रोप कोमेजतं. वरून बघणाऱ्याला ते तहानलेलं दिसतं आणि तो आणखी पाणी घालतो. घरातल्या रोपांच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: कोमेजलेल्या रोपाला पाणी घालण्याआधी कप उचलून बघा. हलका लागला तर पाणी द्या. जड लागला तर पाण्याला हातही लावू नका.

तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घातली की निचरा चांगला होतो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट रुजली आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहजासहजी उतरत नाही. मातीच्या सगळ्यात खालच्या थरात ते अडकून राहतं. खडी घातली की तो चिखलाचा थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. कपाची उंची मुळातच कमी, त्यात खडीने आणखी जागा खाल्ली. निचरा सुधारायचा तर पूर्ण मिश्रणच भुसभुशीत करावं लागतं, आणि कपाला तळाशी चार-पाच भोकं हवीत. दाभण तापवून पाडली तर स्वच्छ पडतात.

बी पेरण्यासाठी माती नसलेलीच बरी. नारायणगाव पट्ट्यातले टोमॅटो उत्पादक ज्या रोपवाटिकांतून रोपं घेतात, तिथे प्लॅस्टिकच्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून एका कप्प्यात एक बी टाकतात. घरी तेच करायचं. दोन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत. त्यात थोडं परलाइट मिसळता आलं तर उत्तम, नसेल तर धुतलेली जाड वाळू. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे एका विटेत पन्नासेक कप सहज भरतात.

‘धुतलेलं’ या शब्दावर माझा जोर आहे. नारळाच्या काथ्यात मीठ असतं. किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्यात सोडणं भिजवली असतील तर जास्तच. वेष्टनावर धुतलेलं असं लिहिलेलं असलं तरी घरी बादलीत भिजवून जुन्या ओढणीत घट्ट पिळा आणि पाणी बदलून असं दोन-तीनदा करा. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं, तिसऱ्या वेळी ते बरंच फिकं होतं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोप उगवतं, पण पानांच्या कडा तपकिरी पडतात आणि ते दोन पानांवर अडून राहतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं, म्हणून गांडूळखताची जोड हवी. शेणखत वापरायचं तर ते पूर्ण कुजलेलं, मातीचा वास येणारं हवं. अर्धवट कुजलेलं खत कपात तापतं आणि मुळं जाळतं.

बी किती खोल टाकायचं? बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट, म्हणजे मिरची-टोमॅटोला अर्धा सेंटिमीटर. खोल गेलं तर बाहेर येईपर्यंतच रोपाची शिदोरी संपते. फार वर राहिलं तर टरफल डोक्यावर अडकून बसतं आणि बीजपत्रं उघडत नाहीत. अशा वेळी टरफलावर पाण्याचा थेंब ठेवा, अर्ध्या तासाने ते मऊ झालं की चिमटीने अलगद काढा. सुटत नसेल तर ओढू नका, पुन्हा भिजवा. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळसर दिसलं तर त्यावर बुरशीनाशकाचा लेप असतो. हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि ते मुलांच्या हाती देऊ नका.

पाणी देण्याची सगळ्यात सुरक्षित रीत खालून देण्याची. ताटलीत बोटाच्या पेराएवढं पाणी घ्या, त्यात कप ठेवा, मिश्रणाचा वरचा थर ओला दिसू लागला की कप काढून निथळू द्या. अर्ध्या तासाहून जास्त वेळ तो पाण्यात उभा राहायला नको. पुढचं पाणी केव्हा, हे घड्याळ सांगत नाही. कोकोपीट वरून गडद तपकिरीचं फिकं झालं आणि कप उचलल्यावर हलका लागला की पाणी. जुलैत ही वेळ चार दिवसांनी येईल, एप्रिलमध्ये कदाचित रोज. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला गरम येतं. ते सकाळीच भरून ठेवलेलं बरं. आरओ यंत्रातून फेकलं जाणारं पाणी रोपांना देऊ नका. क्षारांचा सगळा गाळ त्यात उतरलेला असतो. मोठ्या कुंडीतलं झाड ते काही काळ सोसतं, दोन पानांच्या रोपाला सोसत नाही. बोअरच्या पाण्याने कपाच्या कडेला पांढरा थर चढत असेल तर महिन्यातून एकदा पावसाच्या किंवा साध्या गोड्या पाण्याने कप वरून भरपूर धुऊन काढा.

रोप कोलमडतं ते कसं, हे एकदा जवळून बघायला हवं. संध्याकाळी टवटवीत असलेलं टोमॅटोचं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं. पानं अजून हिरवी, ताजी. ते उचलून मातीला टेकणाऱ्या दांडीकडे नीट बघा: दोन-तीन मिलिमीटरचा भाग पाणचट, करडा आणि दोऱ्याएवढा बारीक झालेला दिसेल. बोटाने दाबला तर लिबलिबीत लागतो. बाकीची दांडी मात्र शाबूत असते. याला रोपांचा मर रोग म्हणतात. मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी आणि बुरशीसदृश जीव तो करतात. ओलं मिश्रण, कोंडलेली हवा, दाट पेरणी आणि मंद उजेड असं एकत्र जमलं की तो फैलावतो, म्हणजे पावसाळ्यातल्या बंद खिडकीत नेमकं जे असतं तेच.

आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही. हळद, दालचिनी, राख यांपैकी काहीही टाकून ते जगत नाही. ते मिश्रणासकट काढून कचऱ्यात टाका आणि लक्ष शेजारच्या कपांकडे वळवा: पाणी दोन दिवस बंद, कप एकमेकांपासून लांब, पंखा चालू, उजेड वाढवा. पेरणीच्या वेळीच मिश्रणात ट्रायकोडर्मा घातला असेल तर धोका बराच कमी होतो. कृषी सेवा केंद्रात ही पावडर सहज मिळते. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम मिसळून त्याने मिश्रण ओलं करायचं. ही उपयोगी बुरशी जिवंत असते, तेव्हा पाकिटावरची मुदत बघून घ्या. जुने कप, ट्रे साबणाने धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय पुन्हा वापरू नका. ठाणे-रायगडकडचे शेतकरी भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्या राबामुळे तणाचं बी आणि वरच्या थरातले रोगजंतूही जळतात. फ्लॅटमध्ये राब भाजता येत नाही, पण मेमध्ये वापरलेलं मिश्रण ओलं करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ थराने भरून, तोंड बांधून, गच्चीवर महिनाभर तापवता येतं. काम बरंचसं तेच होतं.

कपांवर बारीक काळी चिलटं घोंघावू लागली तर वरचा थर सतत ओला राहतोय असं समजा. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वरचा अर्धा इंच थर सुकू द्या आणि कपांमध्ये पिवळा चिकट सापळा उभा करा. मिरचीची नवी पानं आकसून होडीसारखी वळू लागली की शेतकरी त्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. पान उलटं करून फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी दिसली तर कडुनिंबाचं तेल लिटरला ३ ते ५ मिली, त्यात द्रवसाबणाचे चार थेंब, असं संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा. तरीही नवी येणारी पानं तशीच वळलेली, पिवळट आणि खुजी राहिली तर तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही. ते रोप बाकीच्यांपासून दूर करा आणि टाकून द्या.

खताबद्दल थोडक्यात. पहिली दोन गुळगुळीत पानं म्हणजे बीजपत्रं. त्यांच्यात बियाची शिदोरी असते आणि ती उपयोग संपल्यावर पिवळी पडून गळतात. तो आजार नव्हे. खरी पानं, म्हणजे त्या जातीच्या आकाराची, दोन ते चार आली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मिश्रणात द्या. कोरड्या मिश्रणात खताचं पाणी ओतलं तर मुळं भाजतात. रोप सगळीकडून एकसारखं फिकट असेल आणि उजेड भरपूर असेल, तरच खताची उणीव समजायची. थंडीत नाशिक-पुण्याकडे पानांची खालची बाजू जांभळी पडते. गार मातीत मुळांना स्फुरद ओढता येत नाही म्हणून ते होतं. खत वाढवण्यापेक्षा रात्री ट्रे खिडकीतून उचलून ओट्याजवळ ठेवा. चहाचा चोथा, केळ्याच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण हे सगळं रोपांपासून लांब ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. चोथ्यावर बुरशी आणि चिलटं येतात, टरफलातलं कॅल्शियम सुटायला कित्येक महिने जातात, आणि एवढ्याशा कपात कुजणारी कुठलीही गोष्ट मुळांच्या वाट्याचा प्राणवायू खाते.

सगळं सुधारूनही रोप हलत नसेल तर अनुमानं करत बसू नका, मुळं बघा. मिश्रण जरा सुकलेलं असताना कप उलटा करा, दांडी दोन बोटांच्या मधे घ्या आणि तळाला टिचकी मारा. गोळा अख्खा बाहेर येतो. पांढरी, टणक, बारीक तंतू फुटलेली मुळं दिसली तर रोप जगणार आहे, त्याला फक्त वेळ द्या. मुळं तळाशी गोल गोल फिरून दाट झाली असतील तर कप लहान पडला. तपकिरी, मऊ, ओढल्यावर साल सुटून आत दोरा उरणारी आणि आंबूस वासाची मुळं म्हणजे कूज. अर्धी मुळं पांढरी असतील तर कुजलेली कात्रीने काढा, नव्या कोरडसर मिश्रणात लावा, चार-पाच दिवस सावलीत उजेडाच्या जागी ठेवा. सगळीच तपकिरी असतील तर त्याच दिवशी नवं बी टाका.

चार खरी पानं आली की मोठ्या कपात किंवा दुधाच्या पिशवीत हलवा. आता लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या भागांत घ्या, लिटरभर मिश्रणाला चमचाभर निंबोळी पेंड. रोप उचलताना पानाला धरा, दांडीला नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, दांडी चेपली तर रोप गेलं. लांबलेल्या टोमॅटोची खरी दुरुस्ती इथे होते. त्याच्या दांडीला जागोजाग नवी मुळं फुटतात, म्हणून बीजपत्रं काढून टाकून वरच्या पानांपर्यंत दांडी मातीत गाडा. मिरची आणि वांग्याला ही सोय तितकीशी नाही. त्यांना बीजपत्रांच्या थोडं खालपर्यंतच लावा आणि गरज पडली तर खराट्याच्या काडीचा आधार द्या. हलवल्यानंतर दोन दिवस पानं मान टाकतात. थेट ऊन टाळा, पाणी वाढवू नका, ती सावरतात.

दिव्याखाली १० हजार लक्समध्ये वाढलेलं पान १ लाख लक्सच्या उन्हात एका दुपारीत पांढरं पडतं. बाहेर नेताना आठ-दहा दिवस घ्या. पहिले दोन दिवस गॅलरीच्या सावलीत, मग सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं वाढवत न्या. पावसाळ्यात ऊन नसतं पण थेंबांचा मारा असतो, तेव्हा छज्ज्याखालीच राहू द्या. टोमॅटो पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत, मिरची-वांगं ३५ ते ४५ दिवसांत कायमच्या जागी जायला तयार होतात. मिरचीला १२ इंची कुंडी पुरते, टोमॅटोला १५ इंची लागते, आणि दोघांनाही रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. नवशिक्याने सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात पेरावं. ढग गेलेले असतात, हवा उबदार असते आणि दक्षिणेची खिडकी पुन्हा कामाला येते. ज्या घरात कुठल्याच खिडकीला तीन-चार तासही ऊन नाही, तिथे रोप दिव्याखाली कितीही छान तयार झालं तरी पुढे फळ धरणार नाही. अशा घरात मिरचीची तयार रोपं गच्ची असलेल्या कुणाला तरी द्यावीत आणि स्वतःच्या खिडकीत पुदिना किंवा अळू लावावा. कमी उन्हातही दोन्ही ताटापुरती पानं देतात.